उशीवर एक थेंब

ती. आक्का,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे तो मनातल्या मनात घातला, पोचला असं समजावं.) आपला गुडघा, साडूभाऊंचं पथ्य आणि ते चोरून खात असलेली बिस्किटं, सगळं यथास्थित असेल. आपली धाकटी बहीण, म्हणजे आमचं कुटुंब, तुमच्याकडे राहून नव्या शाळेत छान रमल्याचं फोनवर कळतं. ते ऐकून मला इतका आनंद होतो, की झोपच लागत नाही.

त्या झोपेचीच ही हकीकत. आमच्या खालच्या मजल्यावर एका बाईंनी अरोमाथेरपीचं दुकान थाटलंय. माझे डोळे बघून त्यांनी आपणहून लोबानाच्या तेलाची बाटली पुढे केली. झाडाच्या सालीला चरे पाडले की चीक पाझरतो, तो वाळून खडे होतात आणि त्या खड्यांचा वाफेवर अर्क काढतात. त्याने म्हणे श्वास लांब होतो, मन निवतं, सुरकुत्याही हटतात. (सुरकुत्यांचं ऐकून मी मोठी बाटली घेतली.) "नुसतं लावू नका हं, बदामतेलात दोनच थेंब," असं त्यांनी बजावलं. आता आक्का, दोन थेंबांत ज्याचं भागतं तो माणूस मुळात आजारीच नसतो. मी पसाभर तेल तसंच छातीला चोळलं. श्वास लांब झाला खरा, पण बोंब मारण्यासाठी. चट्टा बघून बाई म्हणाल्या, "तुम्ही आपला नुसता वास घ्या."

म्हणून वाफेचं यंत्र आणून कामाच्या खोलीत लावलं. मी पडलो कवळ्या करणारा. खोलीत जन्मभर मेणाचा आणि प्लॅस्टरचा वास. त्यात ओल्या लाकडाचा, लिंबाच्या सालीचा हा वास दरवळला आणि खरंच बरं वाटलं. त्या खुशीत बाटली उघडी राहिली आणि कलंडली ती थेट एका निवृत्त हेडबाईंची कवळी भिजत घातलेल्या वाटीत. घासघासून धुतली, दिली. लगेच दातांच्या डॉक्टरांचा फोन. "अहो, बाई म्हणतात चहा जंगलात बसून प्यायल्यासारखा लागतो! पण त्यांचा राग कमी झालाय, म्हणून घरचे कवळी परत द्यायला तयार नाहीत." (मी नवी करून दिलीच. ते तेल तोंडात घ्यायचं नव्हे.)

मग दुकानवाल्या बाईंचा शेवटचा सल्ला : उशीवर एक थेंब. माझी उशी धुतलेली, ओली. म्हणून तुमच्या बहिणीच्या उशीवर टाकला. आक्का, तिथे घात झाला. त्या उशीला तिच्या केसांचा वास होता. विरत चाललेला, पण होता. बाई नंतर सांगतात, डिंकाच्या तेलाचा गुणच असा, बाकीचे वास उडून जातात आणि हा ठाण मांडून बसतो. उशी उन्हात टाकली, वाऱ्यावर टांगली. लोबान तेवढा उरला. उशीत नाक खुपसून बसलेलं मला पाहून इस्त्रीवाला कपडे उंबऱ्यावरच ठेवून गेला.

असो. शाळा तिला कायम करते आहे. तिनं मला विचारलं, तेव्हा "खुशाल हो म्हण" असं मी खणखणीत सांगितलं. तेच माझं मत आहे. इतकी वर्षं ती माझ्या गावात राहिली. आता तिला तिथे मान मिळतोय. तिला माघारी पाठवण्याचं मनातही आणू नका.

आपला मेहुणा

ता. क. : तुमच्या घरामागची, जुनी स्कूटर ठेवलेली खोली रिकामी होईल का? एक खिडकी, एक नळ, टेबलापुरती जागा पुरे. दात काय, तुमच्याही गावात पडतच असतील.

आणखी ता. क. : तिला यातलं अवाक्षर सांगू नका. पत्र जेवणाच्या टेबलावर विसरलंत, तर मात्र माझी काही हरकत नाही.