तीन कर्जं आणि एक उलटं घर

सेंट फिलिप, बार्बाडोस
३ फेब्रुवारी १९८७

चि. सिल्व्हन यास ताईचे अ. उ. आ. (गेल्या पत्रातले उरले असतील तर तेही यात धर.)

गुडघा सोडून बाकी सारी खुशाल आहे. बातमी अशी की मला भिशी लागली! नऊ हजार डॉलर! मर्टलच्या स्वयंपाकघरात नोटा मोजल्या आणि मग आम्ही दोघी म्हाताऱ्या मैत्रिणी टेबलाभोवती अशा नाचलो की तिचं मक्याच्या पिठाचं कुकू पातेल्याला लागलं. ते तसंच उडत्या माशांबरोबर चाटूनपुसून खाल्लं.

आता डोक्याला ताप. तुझे भाऊजी गेले ते माझ्या गळ्यात तीन कर्जं बांधून. ऑइस्टिन्सच्या भाड्याच्या खोल्या, व्याज तेरा टक्के. न्हाव्याला दिलेला गाळा, दहा टक्के. आणि टेकडीवरचा रिकामा तुकडा, आठ टक्के. हप्ते भाड्यातून कसेबसे निघतात. मग हे नऊ हजार घालू कुठे? तुकड्याचे आठ हजार सातशेच उरलेत. ते फेडले तर आईचं लाकडी घर दगडांवरून उचलून ट्रकने तिकडे नेता येईल. इथे मळ्याच्या जागेवर काय, मालक उद्या उचला म्हणाला की उचलायचं. आणि बँकेकडे गहाण पडलेल्या जमिनीवर आईचं घर मी टेकवणार नाही, हे तुला ठाऊक आहे.

लंडनच्या बसमध्ये तीस वर्षं पैसे मोजलेस, तेव्हा कंडक्टरसाहेब, तूच सांग. आणि या वर्षी येतोस ना? की पुन्हा आपलं ‘पुढच्या वर्षी’?

लोभ आहेच, तो वाढवायच्या आधी उत्तर धाड.
तुझी,
व्हेल्डाताई

ब्रिक्स्टन, लंडन
१९ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि. साष्टांग मनातल्या मनात घातला आहे, इथली फरशी फार गार आहे.

अगं, यात विचारायचं काय? शेंबडं पोरही तेरा टक्के म्हणेल! नऊ हजार तिथे भरलेस तर वर्षाला अकराशे सत्तर वाचतात, आठ टक्क्यांच्या कर्जात नऊच्या नऊ हजार धरले तरी सातशे वीस. फरक साडेचारशेचा. दरसाल साडेचारशे डॉलर समुद्रात फेकायचे असतील तर निदान गळाला बांधून फेक, मासा तरी मिळेल.

येण्याचं म्हणशील तर आधी तुझी तिन्ही कर्जं फिटू देत. माझ्या पद्धतीने गेलीस तर सहा वर्षांत फिटतात. कर्जबाजारी बहिणीच्या ताटात मी वाटेकरी होणार नाही. तुझी भावजय आयव्ही गेल्यापासून एकट्याचं रांधायची सवय झाली आहे. एक अंडं, एक बटाटा, भांडंही एकच. शिवाय त्या घरात माझी खोली म्हणजे शेजाऱ्याच्या डुकरांसमोरची. अजून स्वप्नात घुरघुरतात. तेव्हा मला घाई नाही.

मर्टलला नमस्कार. रागावलीस तरी लोभ कमी करू नये.
तुझा,
सिल्व्हन

सेंट फिलिप
८ मार्च

चि. सिल्व्हन यास आशीर्वाद. अनेक आणि उत्तम आहेत की नाहीत ते पत्र संपल्यावर ठरव.

तुझं पत्र मी गावाला वाचून दाखवलं. बँकेचे मॅनेजर म्हणाले, तुमचा भाऊ हुशार आहे. पाद्रीबाबा म्हणाले, देवळाचं छप्पर गळतंय. मर्टल म्हणाली, आधी धाकटं कर्ज संपव, एक शत्रू तरी मेलेला दिसू दे.

मी रात्रभर तुझे आकडे पाहिले. एकही चुकलेला नाही. पण बाबा रे, तुझ्या हिशेबात व्याज आहे, वय नाही. मी सदुसष्टची, तू बासष्टचा. सहा वर्षांनी तू येशील तेव्हा दार उघडायला मी असेन की मर्टल? आईच्या पोटची आपण दोघंच उरलो. एक अंडं, एक बटाटा वाचून मला रडू आलं आणि मग तुझा फार राग आला.

तर सोमवारी गेले आणि तुकड्याचं कर्ज फेडून आले. आता बोंबल.
तुझी,
ताई

लंडन
२० मार्च

ती. ताईस नमस्कार. शि. नाही, सा. नाही.

साडेचारशे! दरसाल! काय म्हणावं तुला? भाऊजी गेले ते सुटले.
सि.

सेंट फिलिप
२६ एप्रिल

चि. सिल्व्हन, राग उतरला असेल असं धरून अ. उ. आ.

काल घर हललं! सिसिलच्या ट्रकवर अख्खंच चढवलं. तो म्हणाला, बाई, उतरा. मी म्हटलं, या घरात मी जन्मले, मला उतरवणारा तू कोण? आणि बसले आत, मांडीवर रताळ्याच्या पुडिंगचं पातेलं घेऊन. खिडकीतून सगळ्यांना हात करत होते. बँकेच्या मॅनेजरची मोटार टेकडीपर्यंत आमच्या मागे अडकली. ते भोंगा वाजवायचे आणि मर्टल ट्रकवरून त्यावर नाचायची. देवळापाशी गायकमंडळी बाहेर येऊन गायली. इतकी हसले की पुडिंग सांडलं.

पण एक घोळ झाला. वरच्या गल्लीत ट्रक वळेना, म्हणून सिसिलने घर तसंच उतरवलं. ते बसलं उलटं! पुढचं दार उसात उघडतं आणि येणारे-जाणारे थेट माझ्या चुलीपाशी येतात. सुलटं करायला सिसिल दोनशे मागतो. तुकड्यातून उरलेत तीनशे. करू का? तुझी खोली मात्र आता समुद्राकडे झाली आहे. मी तिथे कोणाचं सामान ठेवू दिलेलं नाही.

उत्तराची वाट पाहते.
तुझी,
ताई

लंडन
१२ मे

ती. ताईस शि. सा. न. वि. वि. साष्टांग या खेपेस खरोखरच घातला. उठायला खालच्या बाईंना बोलवावं लागलं.

सिसिलला एक दमडी देऊ नकोस. घर आहे तसंच राहू दे. ते तीनशे वादळासाठी ठेव.

बाकी तुझ्या वेडेपणाने वर्षाला साडेचारशेचं नुकसान होतंय ते होतंयच. मला झोप लागेना. शेवटी तोड काढली. ते साडेचारशे समुद्राकडच्या खोलीचं भाडं म्हणून मी भरीन, महिना साडेसदतीस. एका उशीच्या अभ्र्यात मावेल एवढं सामान आहे, बाकी विकलं. बोट सहा जूनला सुटते. अंडं आणि बटाटा दोन-दोन टाक.

पहिल्या तारखेला चाळीस डॉलर हातात देईन. सुटे अडीच तू तयार ठेव. तीस वर्षं मी ठेवले.
तुझा भाडेकरू,
सिल्व्हन