डाव्या हातानं लावलेल्या पत्रावळी

रीनाबाई,

मी आरमोरीले लग्नघरी पत्रावळी पोचवाले चालली. दुपारी येते.

दोन दिवस तापानं पडली होती, अन् आज उठून पाहते तं ओसरीत सगळ्या पत्रावळी लागलेल्या! मले काही समजूनच नाई राह्यलं. शेजारच्या सोनीबाईच्या मी ओळखल्या, तिचा टाका आखूड असते. तिच्या पाया पडाले गेली तं हसते, "मी तं अर्ध्याच लावल्या वं, पोरी."

मंग बाकीच्या कोणाच्या? त्यायच्या काड्या उलट्या अंगानं टोचल्या आहेत. डाव्या हातानं लावणाऱ्या गावात तुमीच. पण आपण जावांनी चूल वेगळी केली त्या दिवशी तुमीच म्हणाल्या होत्या ना, "तुह्या धंद्याच्या पानाले हात नाई लावणार मी."

आता कोणाच्या पाया पडू? तोंडानं विचाराची हिंमत नाई होत. तुमच्या उंबऱ्याजवळ एक पत्रावळ अर्धी लावून ठेवली आहे, काड्याही बाजूले आहेत. त्या लावणाऱ्या तुमीच असाल तं पुरी करून ठेवा. नसाल तं तशीच राहू द्या, मी काही म्हणणार नाई.

भात मात्र आपल्या दोघींचा रांधून चालली.

चंचल