सर्वप्रथम वायर काढा

२ ऑगस्ट १९९९, सोमवार
आजपासून रोजनिशी. कारण भावनिक नाही. काम यशस्वी झालं की लोक 'कसं केलंत?' विचारतात. तेव्हा नोंदी हाताशी असाव्यात.

परिस्थिती अशी: मी बी. ई. इलेक्ट्रॉनिक्स. पुण्याहून बंगळूरला आले ती इंटरनेटमध्ये काम करायला. नेटचं कनेक्शन देणाऱ्या नव्या कंपनीने मला सपोर्टला बसवलं. सपोर्ट म्हणजे फोन उचलायचा आणि मोडेमची, म्हणजे फोनच्या लाइनीतून नेट आणणाऱ्या डब्याची, वायर कुठे खुपसायची ते सांगायचं. दिवसभर एवढंच. आई पुण्यात सगळ्यांना सांगते, 'आमची अंजली बंगळूरला टेलिफोनवर असते.'

आज आमच्या मॅनेजरना, योगीराज सरांना, गाठलं. सर बेळगावचे. मराठी चांगलं बोलतात, फक्त प्रत्येक वाक्याला शेवटी 'सरी', म्हणजे कन्नडमधलं 'बरं', चिकटवतात. वेब टीममध्ये एक जागा रिकामी आहे. म्हणाले, महिनाअखेर सपोर्टचे फोन कमी करून दाखव, जागा तुझी, सरी? मी म्हटलं, सरी.

उपाय जिन्यातच सुचला. मोडेम कसा जोडायचा याचा व्हिडिओ करायचा आणि आपल्या वेबसाइटवर टाकायचा. ज्याला इंटरनेट जोडता येत नाही त्याने वेबसाइटवर जावं, व्हिडिओ पाहावा, जोडावं. इतकी सरळ गोष्ट आजवर कुणाला सुचली कशी नाही, याचं आश्चर्य वाटतं.

४ ऑगस्ट
शूटिंग. कॅमेरा सुशांतचा. सुशांत वेब टीममधला, नागपूरचा, स्वतःला विनोदी समजतो. विचारत होता, हा व्हिडिओ बघणार कोण? म्हटलं, ज्यांना नेट जोडता येत नाही ते. त्याने कॅमेऱ्याआड तोंड लपवलं. मग म्हणाला, 'वा. चालू दे.' कौतुक करणं त्याला जड जात असावं.

हात माझे, आवाज माझा. इंग्रजी सोपं, संथ. पहिलं वाक्य: 'सर्वप्रथम भिंतीजवळ जा आणि फोनची वायर काढा.' सुरुवात ठाम हवी.

७ ऑगस्ट, शनिवार
एडिटिंग पूर्ण. सकाळी एक्सपोर्ट लावला. पट्टी इंचाइंचाने सरकत होती. संध्याकाळी शेवटाला आली आणि वीज गेली. यूपीएस फक्त सर्व्हरला. माझ्या मशीनला नाही, कारण मशीन सपोर्टचं.
रागावले नाही. परत लावीन.

१० ऑगस्ट
एक्सपोर्ट झाला. चित्र सुंदर. फाइल एवढी मोठी की ग्राहकाच्या मोडेमवर उतरवेपर्यंत संक्रांत उजाडेल. चित्र लहान करून पुन्हा एक्सपोर्ट. अजून लहान. आता ते पोस्टाच्या तिकिटाएवढं आहे. त्यात मोडेम आणि साबणाची वडी यांत फरक करता येत नाही. पण आवाज खणखणीत आहे.

जेवताना गोदूबाईंना सांगितलं. मी चामराजपेटला यांच्याकडे राहते. तीन पिढ्या इथे, त्यामुळे मराठीत निम्मं कन्नड. आधी कौतुक केलं. मग भात वाढता वाढता म्हणाल्या, 'पण अक्का, ज्याच्याकडे नेट लागतच नाही, तो ते नेटवर कसं बघतो गं?'
तांत्रिक विषय आहे, स्वल्प अवघड आहे, एवढंच म्हटलं. चौथी शिकलेल्या बाईशी वाद घालू नये.

१६ ऑगस्ट, सोमवार
व्हिडिओ प्रसिद्ध झाला. ऑफिसात प्रत्येकाने आपापल्या मशीनवर पाहिला. सगळ्यांना समजला. सगळ्यांचं नेट आधीपासून जोडलेलं होतं, पण तो मुद्दा नाही.

आईला फोन केला. म्हटलं, माझं काम आता जगभर दिसतं. म्हणाली, 'हो का? मग घरी कधी येतेस?'

१८ ऑगस्ट
फोन वाढले. तक्रार नवी आहे: व्हिडिओ सुरू होतो आणि लगेच बंद पडतो. बफरिंग असणार. उद्या आणखी लहान एक्सपोर्ट.

२० ऑगस्ट
तिकिटाहून लहान करता येत नाही. तरी बंद पडतोच. प्रत्येकाकडे त्याच जागी, पहिल्या वाक्यानंतर. दोष इतका नियमित असेल तर त्याचं कारण तांत्रिकच असतं. इथे मशीनवर वारंवार चालवून पाहिला, एकदाही थांबला नाही.
निष्कर्ष: शहराच्या टेलिफोन लाइनी खराब.

२३ ऑगस्ट
सकाळी अप्पासाहेबांचा फोन. पीण्या या औद्योगिक वसाहतीत आमच्या या मराठी ग्राहकाचा स्प्रिंगचा कारखाना. नेट चांगलं चालू होतं, म्हणे. जर्मनीहून एका गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग मेलने यायचं होतं. वाट बघता बघता आमच्या साइटवर गेले आणि व्हिडिओ दिसला.

'ताई, त्या बाई म्हणाल्या वायर काढा. काढली. बाई गप. परत लावली, परत नेटवर गेलो. बाई परत आल्या, परत म्हणाल्या काढा. किती वेळा काढू? आणि जर्मनीवाला तिकडं वाट बघून म्हातारा व्हायला लागलाय.'

मी काही क्षण बोलले नाही. अप्पासाहेब म्हणाले, 'बघा, तुम्ही पण गप झालात. मी वायरला हातसुद्धा लावला नाही!'

रजिस्टरमध्ये लिहिलं: ग्राहकाची चूक. सूचना आधी पूर्ण ऐकायच्या असतात, मग पाळायच्या, हे शाळेत शिकवतात. तरी उदार मनाने व्हिडिओच्या सुरुवातीला तसं वाक्य टाकलं. चित्राच्या आकारामुळे ते मुंग्यांच्या रांगेसारखं दिसतं. ज्यांना वाचायची इच्छा असेल ते वाचतील.

२७ ऑगस्ट
सरांनी बोलावलं. फोन कमी व्हायच्या ऐवजी वाढले, हे काय? सांगितलं, ही जागरूकता आहे. सुशांत दारात उभा होता. म्हणाला, 'सर, पुढचा व्हिडिओ कॉम्प्युटर बंद कसा करायचा यावर करू. तो तर कुणालाच शेवटपर्यंत बघता येणार नाही.' लक्ष दिलं नाही.

सर विचार करून म्हणाले, आवाज मात्र छान आहे तुझा. तो कॅसेटवर घे. फोन होल्डवर असला की लोकांना कसलीतरी टुणटुण ऐकवतो, त्याऐवजी हे ऐकवू. थांबल्या थांबल्या शिकतील, सरी?
होल्डची कॅसेट ही माझ्या कामाची जागा नव्हे. पण तेही एक प्रकारचं प्रकाशनच.

३० ऑगस्ट, सोमवार
यश.
लोक होल्डवर थोडा वेळ माझा आवाज ऐकतात आणि आपणहून फोन संपवतात. काही विचारत नाहीत. पुन्हा फोनही करत नाहीत. आकडा कोसळला आहे. योग्य सूचना योग्य शब्दांत दिली की माणूस समाधानी होतो, हे मी पहिल्यापासून म्हणत होते.
फोनच्या आकड्यांचा मी काढलेला आलेख पाहून सुशांत बाहेर निघून गेला. जिन्यात बराच वेळ हसत होता. वेबची जागा माझ्या हातात आलीच, हे त्याला पचत नसावं.

३१ ऑगस्ट
अप्पासाहेब स्वतः आले. पीण्याहून स्कूटरवर, पिशवीत मोडेम, काखेत टेलिफोन.
टेलिफोन माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, 'ताई, तुमच्याशी फोनवर बोलायला फोन लावला. आतून त्याच बाई म्हणाल्या, फोनची वायर काढा. मी म्हटलं, आता कंपनीच सांगते म्हणजे खरं असेल. काढली. आता मला एवढंच सांगा, पुढचं ऐकू कशावर?'

मी आलेखाकडे पाहिलं. रेघ खाली जात होती. त्या रेघेवर किती लोक वायर हातात धरून बसले असतील, हा विचार मनात आला. तो नोंदवत नाही.

त्यांचा मोडेम टेबलावर जोडून दाखवला. बघता बघता शिकले. म्हणाले, 'ताई, त्या बाई हे असं का नाही सांगत व्हिडिओत?'

चार वाजता सरांनी बोलावलं. खूश होते. मी कॅसेटबद्दल सांगायला तोंड उघडलं, पण ते आधी बोलले. वेब काय, कुणीही करेल. फोन असे खाली आणणारी तूच. उद्यापासून तू हेड, टेलिफोन. सरी?
मी सरी म्हटलं नाही. त्यांनी ते ऐकलं नाही.

आईला कुणी कळवलं ठाऊक नाही. संध्याकाळी तिचाच फोन. 'म्हणजे आता मुख्य टेलिफोनवर!'

१ सप्टेंबर
ऑफिसला गेले नाही. नकार कळवायचं ठरवलं. काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं: ही जागा मला मान्य नाही, कारणे तीन. गोदूबाईंच्या फोनवरून ऑफिस लावलं. नव्या मुलीने उचलला, म्हणाली, एक मिनिट हं मॅडम, आणि होल्डवर टाकलं.

आवाज खरंच चांगला आहे. संथ, स्वच्छ, कुठेही अडखळत नाही. मी दोनदा ऐकला. तिसऱ्यांदा सुरुवात झाली तेव्हा गोदूबाई स्वयंपाकघरातून विचारत होत्या, कुणाचा फोन गं अक्का, काय म्हणतात?

भिंतीजवळ गेले आणि वायर काढली.