खालून वर वाचायचं

२ सप्टेंबर, मंगळवार

पुन्हा गप्प!

दुपारी ऑफिसात सासूबाईंचा फोन. "ते गप्प झालंय. ये." त्यांच्या लेखी ते यंत्र म्हणजे घरात येऊन बसलेला आगाऊ पाहुणा. बोललं तरी त्रास, नाही बोललं तरी त्रास. मालाच्या गाड्यांची यादी अर्धी टाकून निघाले. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. बघू देत.

घरी आले तर तो खुर्चीत, समोर स्क्रीन लख्ख, अक्षरांचे चौकोन जिथल्या तिथे. फक्त खालच्या कॅमेऱ्याचा लाल दिवा विझलेला. तो विझला की नवरा मुका! हात गेले, पाय गेले, जीभ गेली. या आजारात डोळे तेवढे राहतात. तो ज्या चौकोनाकडे बघतो तो कॅमेऱ्याला कळतो, आणि मग यंत्र त्याच्या वतीने बोलतं. कॅमेरा गेला की सगळंच गेलं.

बंद करून चालू केलं, डोळ्यांची जुळणी पहिल्यापासून केली. तोवर फळी. काचेसारखी आरपार फळी, तिच्यावर अक्षरं. ती मी दोघांच्या चेहऱ्यांच्या मधे धरायची आणि पलीकडे त्याची नजर कुठे थांबते ते बघून अक्षर ओळखायचं. गुडघ्याला गुडघा, नाकाला नाक. वर बघितलं की हो, खाली बघितलं की नाही. सासूबाईंना मोतीबिंदू, त्यांना हे जमत नाही. म्हणजे मीच.

आणि एवढ्या खटाटोपातून स्वारी म्हणाली काय? "चहा घे."

यंत्राच्या आतल्या नोंदी उघडून पाहिल्या. यंत्र देणाऱ्या केंद्रातल्या बाईंनी ती काळी खिडकी दाखवून ठेवली होती. इंग्रजीचं रान. "वॉर्निंग" एवढं कळलं. त्याच्या वर तुटक रेघ आणि "कट हिअर" — इथे कापा! काय कापू? फोटो काढून ठेवले.

३ सप्टेंबर

मान धरली आहे. लग्नाआधीसुद्धा या माणसाच्या डोळ्यांत इतकं बघितलं नव्हतं.

५ सप्टेंबर, शुक्रवार

ऑफिसच्या कॉम्प्युटरचं बघणारे दाढीवाले — त्यांना जेवणाच्या सुट्टीत फोटो दाखवले. बिचाऱ्यांनी डबा बाजूला ठेवला.

म्हणाले, "ताई, कर्नल म्हणजे यंत्राचा मूळ प्रोग्रॅम. स्वयंपाकघरात उभी असलेली सासू समजा. ओटा, गॅस, भांडी, सगळं तिच्या हाताखालून. कॅमेऱ्याला चालवणारा जो प्रोग्रॅम असतो ना, ड्रायव्हर, तो कॅमेऱ्याच्या कंपनीने केलाय. बाहेरचा. सासूने त्याला घरात घेतलाय, पण नोंद करून ठेवली आहे — हा आपला नाही, याच्या वागण्याची हमी मी देत नाही."

"टेंटेड" म्हणून शब्द आहे तो हाच. डाग लागला. एकदा लागला की यंत्र बंद करून चालू करेपर्यंत जात नाही.

"म्हणजे बिघडलंय?"

"डाग म्हणजे बिघाड नाही. वॉर्निंग म्हणजेसुद्धा यंत्र मेलं असं नाही. सासू बडबडते आहे. पण नुसती बडबड म्हणून सोडूही नका."

मी म्हटलं, कंपनीला विचारू. ते हसले. कंपनी कधीच बंद पडली आहे! कर्नलवाले म्हणणार, बाहेरच्याची तक्रार बाहेरच्याकडे न्या. बाहेरचा जागेवर नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

घरी येऊन हे सगळं त्याला सांगितलं. यंत्र चालू होतं. त्याने बराच वेळ घेऊन यंत्राकडून वदवलं: "ड्रायव्हर वाईट असेल तर गाडीला बोल लावू नये."

हसले. किती दिवसांनी! याची ड्रायव्हिंग स्कूल होती. शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असायचा त्या गाडीत. मीही तिथेच शिकले. बाकीच्या मुली पटापट शिकून गेल्या, माझी गाडी मात्र चौकाचौकात आचके देऊन बंद पडायची. "तुम्हाला अजून थोडे दिवस लागतील," असं हा गंभीर तोंड करून सांगायचा. घरात अजून मी ढ ड्रायव्हर म्हणूनच प्रसिद्ध आहे.

सासूबाई म्हणाल्या, "विनोद त्याचा आहे, पण आवाज बँकेच्या फोनमधल्या माणसाचा आहे."

९ सप्टेंबर, मंगळवार

दाढीवाल्यांचं निदान — वीज वाचवायला यंत्र कॅमेऱ्याला मधूनच झोपवतं, आणि या ड्रायव्हरला झोपेतून उठता येत नाही. झोपवणं बंद करायची युक्ती लिहून दिली. केली. दोन दिवस सगळं सुरळीत.

सुरळीत म्हणजे काय सुख असतं! ओट्यापाशी उभी राहून पोळ्या लाटते, तो आतून बोलतो, मी इथूनच उत्तर देते. हात मोकळे. कपड्यांच्या घड्या घालता घालता त्याच्याशी भांडलेसुद्धा.

केंद्रातल्या बाईंचा फोन आला होता. यंत्र त्यांचं, आपल्याला वापरायला दिलेलं. बावीस तारखेला बघायला येणार. "सारखं बंद पडत असेल तर तुमच्याकडे ठेवून उपयोग नाही. दुसरा पेशंट वाट बघतो आहे. तुमच्याकडे फळी आहेच ना?"

फळी आहेच! दिवसभर मी ऑफिसात, सासूबाईंना अक्षरं दिसत नाहीत. मग हा सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा कुणाशी बोलणार? भिंतीशी?

१२ सप्टेंबर, शुक्रवार

पुन्हा. पुन्हा! झोपवणं बंद केलेलं असूनही.

आज माझं डोकं फिरलं. खोलीत शिरले तर सासूबाईंचा मोबाइल यंत्राच्या शेजारी, चार्जरची वायर तिथल्याच बोर्डात. बोलून गेले, "आई, तुम्ही वायर ओढता आणि मग मला ऑफिसातून पळत यावं लागतं. त्याचं बोलणं बंद झालं तर तुम्हाला बरंच वाटेल."

त्यांनी चार्जरची वायर बोर्डातून काढली. मग म्हणाल्या, "मी त्याला हात लावत नाही. लावला असता तर तुला घाबरून लपवलं नसतं." मोबाइल उचलून आत गेल्या.

फळी धरली. त्याची नजर अक्षरांवर थांबेचना. खाली, खाली, खाली. नाही, नाही, नाही. मी म्हटलं, तू मध्ये पडू नकोस.

१३ सप्टेंबर

सासूबाईंनी चहा आणून ठेवला. लगेच आत गेल्या. चहात साखर बरोबर होती, त्याचंच जास्त लागलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सुट्टी टाकली. दाढीवाले घरी आले — मनाने मोठा माणूस. बायकोला दवाखान्यात सोडून येतो म्हणाले आणि खरंच आले.

नोंदींसमोर दोघं बसलो. मी मोठ्या शहाणपणाने वरून वाचायला लागले. आत्तापर्यंत तसंच वाचत होते. सगळ्यात वर कर्नलच्याच कामांची नावं, म्हणून मला वाटायचं सासूच चुकते आहे. ते म्हणाले, "ताई, हे खालून वर वाचायचं. वरची ओळ म्हणजे जिथे ठेच लागली ती जागा. कुणी कुणाला हाक मारत मारत तिथवर आलं, ते खालून कळतं."

मग खालून वाचलं. मधल्या ओळींना चौकटी कंसात कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरचं नाव — चोर तोच, आतमध्ये चित्र येत असतानाच तो ते ठेवायची जागा मोकळी करून टाकतो आणि मग धडपडतो. पण सगळ्यात खालची हाक कुणाची? वीज वाचवणाऱ्याची नव्हे. दाढीवाल्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं, त्याच्यापुढे नाव असतं त्या घटकेला काम सांगणाऱ्याचं. तिथे बोलण्याच्या प्रोग्रॅमचं नाव होतं! प्रत्येक वेळी. सगळ्या फोटोंत.

म्हणजे स्क्रीनवरून कुणीतरी सांगत होतं, कॅमेऱ्याला झोपव.

कोपऱ्यात एक चौकोन आहे: "विश्रांती". डोळे दमले की त्याच्यावर नजर ठेवायची, कॅमेरा झोपतो, उगाच भलतंसलतं बोललं जात नाही. नंतर कुणी एक बटण दाबलं की उठायला पाहिजे. आपला कॅमेरा उठतच नाही.

"डोळे दमून नजर तिकडे घसरत असेल," दाढीवाले म्हणाले. पटलं. ड्रायव्हर दुरुस्त करणं आपल्या हातात नाही, पण चौकोनाचं काम बदलता येतं. आता विश्रांती म्हणजे नुसती स्क्रीन काळी होणार. कॅमेरा जागाच. परत बघितलं की स्क्रीन उजळणार. "यंत्र चालू करताना डागाची ओळ येतच राहील, ताई. येऊ द्या. त्याने काही होत नाही."

वायरचा काही संबंध नव्हता. दाढीवाले गेल्यावर स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं, "आई, चुकलं माझं. तोंडाला येईल ते बोलले."

त्या कोथिंबीर निवडत होत्या. "दमली आहेस," म्हणाल्या. "दमलेल्या माणसाचं मी मनावर घेत नाही. पण घेतलं होतं." मग अर्धी जुडी माझ्याकडे सरकवली.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

एकदाही बंद पडलं नाही. ऑफिसात फोन नाही. साहेब चक्क हसले. मी पूर्ण यादी संपवली!

घरी आले, दारातूनच ओरडले, "कसं चाललंय?" आतून उत्तर, "छान." आणखी काही नाही. मी भाजीला लागले.

२१ सप्टेंबर, रविवार

उद्या केंद्रातल्या बाई. नोंदी परत चाळल्या, परीक्षेआधी वह्या चाळाव्यात तशा. वॉर्निंग एकही नाही. पण विश्रांतीचा चौकोन शुक्रवारी दुपारी लागोपाठ किती वेळा दाबला गेला आहे! स्क्रीन काळी, उजळ, काळी, उजळ. नजर घसरली म्हणावं तर इतकी?

विचारलं, "दमतोस का रे?"

"नाही."

"मग सारखी विश्रांती कशाला?"

यंत्र गप्प. बिघडलं नव्हतं. तोच गप्प होता. या आठवड्यात तो बोललाच कमी, हे आज लिहिताना लक्षात येतंय. आवाज परत मिळावा म्हणून मी जिवाचं रान केलं आणि आता हा बोलत नाही. थोडा रागच आला. खरंच आला.

२२ सप्टेंबर, सोमवार

बाई आल्या, वेळेवर, चपला दारात नीट लावून. यंत्र तपासलं, नोंदी पाहिल्या. डागाच्या ओळीशी थांबल्या. मी दाढीवाल्यांचं सगळं पाठांतर म्हणून दाखवलं. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुम्ही कॉम्प्युटरमध्ये आहात?" मी म्हटलं, नाही, मी मालाच्या गाड्या मोजते.

यंत्र राहणार! सोफ्यावर बसलेच.

मग त्या सहज म्हणाल्या, "आता ती फळी घेऊन जाऊ का? एका पेशंटला लगेच हवी आहे. तुमचं यंत्र चांगलं चाललंय."

मी खिळ्यावरून फळी काढलीसुद्धा. तेवढ्यात मागून तो बँकेच्या फोनमधला आवाज: "फळी नको."

"नको म्हणजे? घरात नको?" मी विचारलं.

"फळी नेऊ नका."

बाई म्हणाल्या, राहू दे, यंत्र आहे, कधी दगा देईल सांगता येत नाही. दुसरी बघते. त्या गेल्यावर मी विचारलं, कशाला हवी ती? मान मोडते माझी. तो म्हणाला, "उद्या."

२३ सप्टेंबर, मंगळवार

ऑफिसातून आले तर स्क्रीन काळी. त्याची नजर खिळ्यावरच्या फळीवर. मुकाट खुर्ची ओढली, गुडघ्याला गुडघा लावला, फळी धरली.

फार वेळ लागला. "ब्रेक मीच दाबत होतो."

कुठला ब्रेक, मला कळेना. मग कळलं. "तो विश्रांतीचा? मुद्दाम?" डोळे वर. "अरे, ते यंत्र घेऊन गेले असते! का?"

"फळीवर तू बघतेस."

त्याचे डोळे पुन्हा अक्षरांवर फिरायला लागले. मला नीट दिसत नव्हतं, दोनदा अक्षर चुकले. तो थांबला, पुन्हा पहिल्यापासून.

"गाडीचा ब्रेकही मीच."

फळी बाजूला ठेवली आणि तशीच बघत बसले. पोळ्या आज सासूबाईंनी केल्या.