व्हिक्टरचे बारा गुलाब

प्रिय व्हासिलिना,

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. दोनदा लिहिलं आणि फाडलं, नुसता राग उतरला होता त्यात. द्राक्षं पिळून झाली, रस पिंपात फसफसतोय. तिकडं इटलीत तू सांभाळतेस ती म्हातारी नीट जेवते ना?

फोनवर मला बोलता येत नाही. मी गुडघ्याचं सांगतो, तू म्हणतेस, "व्हिक्टर म्हणतो, मीठ कमी करा." मतदानाच्या दुसऱ्या फेरीचं काढलं तर, "व्हिक्टर म्हणतो, मत द्यायला गेलात की लढाई ओढवून घ्याल." कोण हा व्हिक्टर? म्हणे फोनवर ओळख झालेला, आपल्याच सोरोका गावचा, विधुर, निवृत्त मास्तर. ना भेटलीस, ना आवाज ऐकलास. रोज सकाळी तो गुलाबांचं चित्र पाठवतो, तू ते मला पाठवून विचारतेस, "तुला सुचलं का कधी असं?" नाही सुचलं.

परवा जळफळत त्याचे गुलाब मोजले. बारा. पुन्हा मोजले, बाराच. अगं, सम फुलं आपण थडग्यावर ठेवतो! मी तुला मागणी घालायला चार ट्यूलिप आणले, तेव्हा तुझ्या आईनं फाटकातच अडवलं होतं, "कोण मेलंय आमच्यात?" सोरोकाचा मास्तर असली चूक करेल?

शेजारच्या आगाफियाला चित्र दाखवलं. ती पोट धरून हसली. "दादा, जळताय कुणावर? हे तर माझ्या डॉक्टर सर्गेइचे गुलाब!" तिच्या फोनवर तेच चित्र, लढाईची तीच भीती, शब्दाला शब्द. मग तिचं हसू आटलं. पहिल्या फेरीला ती त्या भीतीनंच घरी बसली होती. म्हणाली, "कोण कुठला परका, आणि मला माझ्याच घरात कोंडलंन मेल्यानं!"

व्हिक्टर असा कुणी नाहीच म्हटल्यावर माझा जीव थंडावायला हवा होता. उलट जास्तच जळला. लोकांनी मत देऊ नये म्हणून कुणीतरी पगारी माणूस गावोगावच्या बायकांना एकच गुच्छ वाटतो, आणि त्याचं तुला पटतं. माझं नाही.

गेल्या रविवारी तू म्हणालीस, "आता परत येत नाही, व्हिक्टर म्हणतो घर विकून टाका, तिकडं काही उरणार नाही." मी बरं म्हणून फोन ठेवला. बरं नाही, व्हासिलिना. घर मी विकणार नाही. मत कुणालाही दे, माझ्या नावडत्याला दे, पण स्वतःच्या मनानं दे. आणि घरी ये. गावातून इटलीला सामान नेणारा मिनीबसवाला टिमोफेई ही चिठ्ठी देऊन तुझ्या दारातच थांबेल. त्याच्याकडं लगेच उत्तर दे. दोनच ओळी लिही, पण त्यात व्हिक्टर नको.

तुझाच,
गाव्रिल