एकाच कोटातल्या दोघी

३ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. तिकडेही असेल असं धरून लिहिते.

हे पत्र एका सहीसाठी आहे. आधीच सांगून टाकते, कारण तू पत्राची शेवटची ओळ आधी वाचतोस आणि मग वरचं वाचायचं की नाही ते ठरवतोस. निदान पूर्वी तसं करायचास.

दुकान चालू आहे. नवीन कपडे शिवून घेणारे कमी झाले, जुने सैल किंवा घट्ट करून घेणारे वाढले. बाबा गेल्यापासून घरात त्या आणि मी, दोघीच. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आता त्यांना दिसतं. गच्चीची गळती काढून घेतली.

कामाचं लिहिते. आई बंदरावर गोण्या शिवायला जायची, तेव्हा फाटकातून आत जाण्यासाठी तिच्याकडे फोटोचं ओळखपत्र होतं. तशा प्रत्येक कार्डाची दुसरी प्रत बंदर खात्याकडे राहायची. ती अजून आहे. वारसानं अर्ज केला तर खातं ती दाखवतं आणि नक्कलही देतं, असं एका गिऱ्हाइकानं सांगितलं. त्याच्या आजोबांचं कार्ड त्याला मिळालं.

आईचा घरात होता तो एकच फोटो घर बदलताना हरवला, हे तुला माहीत आहे. म्हणून मी अर्ज केला. खिडकीवरच्या माणसानं तो परत सरकवला. सगळ्या वारसांची संमती लागते. सगळे म्हणजे तू आणि मी.

सोबतच्या कागदावर पेन्सिलीनं फुली केली आहे तिथं सही कर. परतीच्या पाकिटावर तिकीट लावलं आहे. तू यायची गरज नाही.

तुझी बहीण


१४ एप्रिल

प्रिय दादा,

तुझी सही मिळाली. पाकिटात आणखी काही असेल म्हणून ते कडेनं उसवून पूर्ण उलगडलं. आतून कोरं होतं. सही बाबांसारखी झाली आहे तुझी, शेवटची रेघ तशीच खाली ओढलेली. हे तुला आवडणार नाही.

काल जाऊन आले.

जुन्या कागदांची खोली तळघरात आहे. खिडक्या छताजवळ, त्यातून रस्त्यावरच्या लोकांचे पाय दिसतात. तिथं एक जाड बाई बसते, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. तिनं अर्ज वाचला, तुझी सही पाहिली, आत गेली आणि बराच वेळ आली नाही. आली ती हसतच.

"अहो ताई, या नावाच्या दोघी निघाल्या."

"वडिलांचं नाव लिहिलंय ना अर्जात," मी म्हटलं.

"लिहिलंय की. दोघींच्या नवऱ्याचं तेच नाव. राग मानू नका, पण तुमच्या वडिलांच्या नावानं रस्त्यात हाक मारली तर चौघे वळून बघतील."

"पत्ता?"

"कामगार वस्ती. अख्खं बंदर तिथंच राहायचं. वय तेच, कामही तेच. दोघींचे अंगठे."

तिनं दोन कार्डं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. खालच्या मजकुरावर कोरा कागद धरला, फक्त फोटो उघडे राहतील असा. म्हणाली, यातली एक तुमची. दुसरी परकी, तिचं काही दाखवायची मला परवानगी नाही. तेव्हा बघा आणि सांगा. आई कुठली?

मी म्हटलं, "चष्मा विसरले."

चष्मा माझ्या नाकावर होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि कार्डं कागदासकट माझ्याकडे सरकवली.

दादा, दोघींच्या अंगात एकच कोट आहे. एकसारखा नव्हे, तोच. गळ्याकडून दुसरं बटण तुटलेलं, दोन्ही फोटोंत. पुरुषाचा कोट आहे, बटणांच्या बाजूवरून मला कळलं. त्या बाईनं मग सांगितलं की कामाच्या मळक्या कपड्यांत फोटो चालत नसे, म्हणून फोटोवाला स्वतःचा कोट खुंटीला टांगून ठेवायचा. एकीनं काढायचा, दुसरीनं घालायचा. सगळ्या बायका त्याच कोटात आहेत. म्हणजे कपड्यांवरून मला, शिंपिणीला, काही ओळखता येणार नव्हतं.

एकीचं कपाळ मोठं आहे. कोणीतरी आत्ताच काहीतरी बोललंय आणि तिला हसायचं नाहीये, अशी ती दिसते. दुसरी बारीक, मान ताठ, थेट बघते. कोटाचे खांदे तिच्या खांद्यांच्या बाहेर गेलेत. दोघींत मी माझा चेहरा शोधला. दोघींत सापडला.

"घरात कोणी मोठं आहे का?" बाईनं विचारलं. "तिला पाहिलेलं?"

"भाऊ आहे."

"मग आणा की त्याला."

"तो येत नाही."

"का? पाय मोडलाय?"

"नाही."

"मग येईल," ती म्हणाली आणि अंबाड्यातली पेन्सिल काढून कार्डांना लावायची चिठ्ठी लिहू लागली. महिनाअखेर या सगळ्या पेट्या दुसऱ्या शहरात जाणार आहेत. तोवर ती दोन्ही कार्डं वरच्या खणात ठेवते आहे. नियमात बसत नाही, म्हणाली, पण खण माझा आहे.

घरी आले. दारातच विचारलं गेलं, "कशी होती?"

बाबांच्या दुसऱ्या बायकोला मागच्या पत्रात मी 'त्या' लिहिलं, तुझ्यासाठी. मी तिला आई म्हणते हे तुला माहीत आहे आणि माझ्याशी तू का बोलत नाहीस हे मला माहीत आहे. तेव्हा इथून पुढे जशी बोलते तशी लिहिते.

मी म्हटलं, "दोन होत्या."

आई आधी हसली. मग म्हणाली, "थोरल्याला बोलाव."

"तो नाही यायचा."

"माझ्यावर रागावलाय ना, तिच्यावर तर नाही? मला बाई म्हणतो ते म्हणू दे. घरात पाऊल नको टाकू म्हणावं, कचेरीतूनच जा परत. पण ये." थोड्या वेळानं आतून म्हणाली, "तिच्याच भांड्यांत सारा जन्म स्वयंपाक केला मी. मलाही कळू दे की मी कोणाच्या जागी आले."

आता जे लिहायचं ते.

आपली आई गेली तेव्हा मी अगदी लहान होते. मला तिचा चेहरा आठवत नाही. अंधूकसुद्धा नाही. लहानपणी तू सांगायचास, ती अशी बसायची, दाभण दातांत धरून असं बोलायची, मी फाटकाशी डबा घेऊन गेलो की लांबूनच ओरडायची, आणि शेवटी विचारायचास, आठवतंय ना गं? मी मान डोलवायचे. तू इतक्या आशेनं बघायचास. तुला वाटलं आपण दोघांनी तिला धरून ठेवलंय. तू एकटाच धरून होतास. मग बाबांनी आईला घरात आणलं आणि मी आठवड्याभरात तिला आई म्हणू लागले, तेव्हा तुला वाटलं मी एकीला सोडून दुसरीला धरलं. माझ्या हातात आधी कोणी नव्हतंच रे.

मला आठवतं ते एवढंच. गोणपाटाचा वास, आणि कोणीतरी मला उचलून वर घेतंय. खांदा. त्या खांद्यावरून मागे पळणारा रस्ता. ही आई असं मी आजवर धरून चालले. पण तूही तिच्यासाठी गोण्या वाहायचास. तो खांदा तुझाही असू शकतो.

परतताना बसमध्ये एक विचार आला. कदाचित तुलाही आता नक्की सांगता येणार नाही. तू सांगायचास त्यात हात होते, आवाज होता, दाभण होतं. नाकडोळे कधी सांगितले नाहीस. पाकीट कोरं पाठवलंस ते रागानं की भीतीनं, ते मला कळत नाही. भीतीनं असेल तर ऐक. मला बरोबर उत्तर नकोय. मला उत्तर हवं असतं तर काल मी एका कार्डावर बोट ठेवलं असतं आणि नक्कल घेऊन आले असते. हसू दाबणारीवर. मन तिच्यावरच गेलं होतं. कोणी विचारलं नसतं.

ठेवलं नाही. मागे एकदा मी एकटीनं एका बाईला आई म्हटलं आणि मला भाऊ राहिला नाही. या वेळी एकटीनं म्हणायचं नाही.

तुला ओळखता आलं तर तू बोट ठेव. नाही आलं तर ती बाई बंद करायला उठेपर्यंत दोघींकडे बघत बसू आणि दोन्ही कार्डं परत देऊ. तेही चालेल मला. दुपारी खिडकीतून त्या टेबलावर ऊन येतं.

जवळचा चष्मा आण. फोटो लहान आहेत.

आईनं तुझी खाट गच्चीवर उन्हात टाकली आहे.

तू शेवटची ओळ आधी वाचणार, म्हणून वरचं काही न वाचताही कळेल अशी लिहिते. तीस तारखेच्या आत ये, मी तळघराच्या पायऱ्यांवर बसून राहीन.

तुझ्यामागे सगळीकडे यायचं ते,
तुझं शेपूट