दोन्हीकडून फिरवून

बंगळूर, ५ फेब्रुवारी १९९७

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

सोलांची पुडी पोचली, आता रोज सोलकढी. बातमी मोठी आहे, बाहेर बोलू नकोस. प्रकाशाचा वेग सगळ्या दिशांना सारखाच असतो का, ते आम्ही तपासतोय. फिरत्या टेबलावर काचेच्या दोन नळ्या काटकोनात ठेवल्यात. त्यांतल्या प्रकाशाची तुलना करायची. शंभर वर्षांत कुणालाच फरक दिसला नाही. मला दिसतोय! अगदी सूक्ष्म, पण रोज. सर म्हणतात, महिन्याभरात छापायला पाठवू, जगभर नाव होईल. मला मात्र चैन नाही. बाबांना सांग.

तुझी,
शालिनी

मुळगाव, १४ फेब्रुवारी

चि. शालिनीस अनेक आशीर्वाद.

कॉन्व्हेंटात सिस्टर आमच्याकडून प्रकाशाचा वेग घोकून घेत. माझी लेक तो तपासते! तुझे बाबा मात्र सुर्ल्याच्या खाणीवर तीस वर्षं ट्रक वजन केलेला माणूस. विचारतात, टेबल उलटं फिरवलंस का? आठवतं ना, संशय आला की भरलेला ट्रक ते दुसऱ्या बाजूने परत काट्यावर घ्यायला लावत. धाकू ड्रायव्हर ओरडायचा, शिवदासबाब, मातीला काय तोंड नि पाठ असते? एकदा दोन वजनं जुळली नाहीत, तर मालकासमोर म्हणाले, माझाच काटा चुकतोय, आणि बंद केला. दिवसभर ट्रकांची रांग. तेव्हा मी लाजले होते गं. जेवत जा वेळेवर.

तुझी,
आई

बंगळूर, ३ मार्च

ती. आईस,
सा. न.

टेबल आजवर एकाच बाजूला फिरत होतं. उलटं फिरवलं, तर फरकही उलटला, म्हणजे तो प्रकाशाचा नव्हताच. एक केबल टेबलाला ओढत होती. मोकळी केली, फरक गेला. सरांना मीच सांगितलं. त्यांनी वहीतले आकडे पुन्हा तपासले. मग म्हणाले, इतक्या बारकाईने फरक नाही असं अजून कुणी दाखवलेलं नाही, तेच छापू. पण आई, सापडलं काहीच नाही. बाबांना वाईट वाटेल का?

तुझी,
शालिनी

मुळगाव, १२ मार्च

चि. शालिनीस अनेक आशीर्वाद.

वाईट? पत्र ऐकलं आणि सायकल काढून सुर्ल्याला गेले, खास धाकूला सांगायला: प्रकाशाला तोंडही नाही नि पाठही नाही, माझ्या शालूने तपासलंय!

एकच विचारायला सांगितलंय. केबल मोकळी केल्यावर पुन्हा दोन्हीकडून फिरवलंस ना? तसं तुझ्या हातचं पत्र आल्याशिवाय कुणाला गोड वाटायचं नाही म्हणतात. पेढे पोस्टाची वाट बघत टिकणार नाहीत, म्हणून गुळाचं खाजें आणून ठेवलंय. डबा माझ्याजवळ आहे आणि मला धीर धरवत नाही, तेव्हा लवकर लिही. आम्हा दोघांवरची माया आहे तशीच असू दे.

तुझी,
आई